गळा नाही हो मला!



आधी एक प्रश्न. गणपतीच्या आरतीत तुम्ही खरंच गाता, की टाळ्या वाजवत नुसते ओठ हलवता? खरं सांगा, इथे कुणी बघत नाहीये.

आमच्या घरात ओठ हलवणारी व्यक्ती म्हणजे माझी आई. आम्ही जबलपूरचे मराठी. आजोबा इथल्या तोफगाड्यांच्या कारखान्यात, म्हणजे आमच्या भाषेत जीसीएफमध्ये, नोकरीला लागले आणि हेच आमचं गाव झालं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि गणपतीत दोन्ही. आरतीला घर नुसतं दणाणून जायचं, पण त्यात आईचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. तो ऐकला मिक्सर चालू असताना. मिक्सर थांबला की तीही थांबायची.

कारण मला खूप उशिरा कळलं. सहावीत असताना आई स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात होती. तालमीत बाई तिच्याजवळ येऊन म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव गं, आवाज काढू नकोस." बाई दुसऱ्या दिवशी ते विसरूनही गेल्या असतील. आईने चाळीस वर्षं पाळलं.

दोन वर्षांपूर्वी आजी, म्हणजे आईची आई, आमच्याकडे होती. अंथरुणाला खिळलेली. माणसांची नावं विसरायची, पण जुन्या ओव्यांची चाल विसरली नव्हती. एका संध्याकाळी म्हणाली, "तू म्हण ना गं काहीतरी." आईने मोबाईलवर भजन लावलं. आजी म्हणाली, "हे नको. तू म्हण." आई म्हणाली, "मला कुठे येतं गं?" त्याच थंडीत आजी गेली.

पुढे महिन्याभराने आईने मला विचारलं, "गाण्याच्या क्लासला या वयात घेतात का गं?" आम्ही दोघींनी नाव घातलं. ती बावन्न वर्षांची, मी चोवीसची. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलेली, दिवसभर स्क्रीनसाठी मजकूर लिहिणारी मुलगी. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण तेव्हापासून शेजारी, नातेवाईक, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांकडून तीच तीच वाक्यं ऐकते आहे. आज ती एकेक करून तपासूया.

"गळा जन्मतःच असावा लागतो"

यात थोडं खरं आहे आणि बरंच खोटं आहे. आपल्या स्वरयंत्रात दोन छोट्या स्वरतंतूंच्या पट्ट्या असतात. पुरुषांमध्ये त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, बायकांमध्ये १२ ते १७. त्यांची लांबी-जाडी, घशाचा आणि तोंडाचा आकार यावर आवाजाचा पोत ठरतो. तो जन्माने मिळतो. पण सूर नेमका लागणं ही गोष्ट कानाची आणि सवयीची आहे. कानाने ऐकायचं, गळ्याने तिथे पोहोचायचं, चुकलं तर सरकायचं. सायकल शिकताना तोल सावरतो तसंच हे.

मग "मला सुराचं ज्ञानच नाही" असं म्हणणाऱ्यांचं काय? स्वरांतला फरक मेंदूला कळतच नाही अशी एक अवस्था खरोखर असते. पण अशी माणसं शंभरात चारहून जास्त नसावीत असं मानतात आणि अलीकडच्या तपासण्यांत तर हा आकडा दीड टक्क्याच्या आसपास आला आहे. स्वतःची परीक्षा सोपी आहे. टीव्हीवरच्या स्पर्धेत कुणाचा सूर घसरला की तुम्ही तोंड वाकडं करता ना? मग तुमचा कान शाबूत आहे. गळ्याला फक्त कानाचं ऐकायची सवय नाही.

आणि पोत गोडच हवा असं कुणी सांगितलं? गंगूबाई हनगल आठवा. तरुणपणी घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज भारी झाला, इतका की रेडिओवर ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. त्यांनी तोच आवाज घेऊन आयुष्यभर गायलं आणि २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

"आमच्या घरात कुणी गात नाही"

एके काळी ही अडचण खरी होती. विद्या उस्तादांच्या घरात राहायची आणि बाहेरच्याला दार सहज उघडत नसे. ते दार उघडायला दोन मराठी माणसांचा हात मोठा आहे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झालेले. त्यांनी १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, जिथे सामान्य घरातली मुलंही शिकू लागली. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. ते पेशाने वकील. गावोगाव फिरून त्यांनी बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि छापल्या. आज तुमच्या-आमच्यासारखे लोक फी भरून क्लासला बसतात, त्यामागे या दोघांचे कष्ट आहेत.

आमच्या जवळचं उदाहरण सांगू? जबलपूरहून सतन्याकडे जाताना मैहर लागतं. तिथे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी शंभर वर्षांपूर्वी महामारीत अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून वाद्यवृंद उभा केला. त्या मुलांना ना घराणं होतं, ना घर. बाबांनी त्यांच्यासाठी बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग नावाचं वाद्यसुद्धा बनवलं. आम्ही तोफांच्या कारखान्याच्या गावातले, त्यामुळे हे मला फारच आवडतं. मैहर बँड आजही वाजतो. ही मुलं गाणारी नव्हे तर वाजवणारी होती, हे मान्य. पण सूर-ताल रक्तातूनच येतो असं म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर देऊन ठेवलंय.

"रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज भयंकर वाटतो"

सगळ्यांनाच वाटतो! बोलताना किंवा गाताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून कानात आणि दुसरा कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणाऱ्या आवाजात खर्ज जास्त असतो, म्हणून आपण स्वतःला भरदार वाटतो. मोबाईलमध्ये फक्त हवेतला आवाज जातो. तो परका आणि पातळ वाटतो. पण बाकीचं जग तुम्हाला रोज तसंच ऐकतं आणि तरीही तुमच्याशी गप्पा मारतं.

दुसरी गोष्ट, तुलना कुणाशी करताय? आजच्या बऱ्याच गाण्यांत सूर यंत्राने सरळ केलेला असतो. ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींवर काम केलेल्या एका शास्त्रज्ञाने ते तयार केलं. बैठकीच्या खोलीत, पंख्याच्या आवाजात गायलेली ओळ त्याच्याशी कशी बरोबरी करणार?

रेकॉर्डिंग जरूर करा, पण स्वतःच्याच मागच्या महिन्याच्या रेकॉर्डिंगशी तुलना करण्यासाठी. आईच्या फोनमध्ये असा एक फोल्डर आहे. त्याचं नाव तिने 'किराणा' ठेवलंय, म्हणजे कुणी उघडणार नाही.

"वरचा सूर लागत नाही, म्हणजे गाणं येत नाही"

माझ्या मते सगळ्यांत जास्त लोकांचं गाणं या एका गैरसमजाने बंद पाडलंय, म्हणून इथे जरा थांबूया.

पिकनिकला किंवा लग्नाच्या संगीतात कराओके लावतात. ट्रॅक असतो मूळ गायिकेच्या पट्टीत. ध्रुवपद कसंबसं होतं, अंतऱ्याला आवाज फाटतो, सगळे हसतात, माईक खाली. निष्कर्ष काय? "मला गाता येत नाही." खरा निष्कर्ष एवढाच की ती पट्टी तुमची नाही. दुसऱ्याच्या मापाची चप्पल चावली म्हणून आपण पाय कापून टाकत नाही.

पट्टी म्हणजे तुमचा 'सा' कुठे ठेवायचा ते. पुष्कळ पुरुषांना तो काळी एकच्या आसपास सोयीचा पडतो, पुष्कळ बायकांना काळी चार किंवा काळी पाचच्या. काळी एकच्या सा ला स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा थरथरतात, काळी चारच्या सा ला सुमारे २०८ वेळा. फरक एवढा मोठा आहे. शिवाय हे नियम नव्हेत, अंदाज आहेत. गंगूबाईंची पट्टी इतर गायिकांपेक्षा खालचीच होती.

आपली पट्टी शोधायची कशी? आमच्या ताईंनी सांगितलेली रीत सांगते. सकाळी उठल्या उठल्या नको, दोन-तीन तासांनी करा. 'आ' म्हणत आरामात जितकं खाली जाता येईल तितकं जा. जिथे आवाज अजून स्वच्छ आहे, तो तुमचा मंद्र पंचम धरा आणि तिथून वर मोजत सा वर या. त्या सा पासून वरच्या सप्तकातल्या गंधारापर्यंत न ओरडता जाता आलं की पट्टी जमली. नाहीच जमलं तर एक घर खाली-वर करून बघा. कराओकेच्या पुष्कळ ॲपमध्ये पट्टी बदलायचं अधिक-उण्याचं बटण असतं. एकदा दाबलं की अर्धा सूर सरकतो. दोन-तीन वेळा उण्यावर दाबून तेच गाणं पुन्हा म्हणून बघा.

आईची पट्टी निघाली काळी दोन. क्लासमधल्या सगळ्या बायकांपेक्षा खाली. ताई सहज म्हणाल्या, "तुमचा आवाज खर्जातला आहे, छान आहे." आई घरी येईपर्यंत गप्प होती. रात्री भाजी निवडताना म्हणाली, "म्हणजे सहावीत मी बेसूर नव्हते गं. ते गाणंच माझ्यासाठी उंच होतं." खरंच तसं होतं का, ते आता कुणाला कळणार? पण मला ते पटतं. शाळेत सगळ्या मुलांना एकाच पट्टीत गायला लावतात. ज्याचा गळा तिथे बसत नाही, तो बेसूर ठरतो.

"दमसास पुरत नाही"

कुमार गंधर्वांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. १९४८ च्या सुमारास ते देवासला, म्हणजे आमच्या मध्य प्रदेशात, राहायला आले ते क्षयरोग घेऊन. पाच-सहा वर्षं गाणं पूर्ण बंद. त्या काळात अंथरुणावर पडून ते ऐकत राहिले. रस्त्यावरून जाणाऱ्यांची, बायकांची माळवी लोकगीतं. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं होतं. लांबलचक ताना शक्य नव्हत्या, मग त्यांनी छोट्या छोट्या तुकड्यांत, मध्ये श्वास घेत गायला सुरुवात केली. त्या तुकड्यांतूनच त्यांची स्वतःची गायकी उभी राहिली.

प्रत्येक जण काही कुमार गंधर्व होणार नाही. पण श्वास जेवढा आहे तेवढ्यात ओळ कुठे तोडायची, हे कुणालाही शिकता येतं. खांदे न उचलता पोटापर्यंत श्वास घ्यायचा आणि तो एकदम सोडून न देता पुरवून वापरायचा. महिन्याभरात फरक जाणवतो. आणि गाणं बंद असतानाही शिकणं चालू राहू शकतं, कारण कान उघडे असतात, हेही त्यांच्याकडूनच कळतं.

"रियाज म्हणजे पहाटे चार वाजता चार तास"

मैफलीत गाणाऱ्यांसाठी तो रियाज खरा आहे. तुम्हा-आम्हाला डबे भरायचे असतात. नव्याने शिकणाऱ्याने रोज वीस मिनिटं केलेला रियाज रविवारी एकदम केलेल्या तीन तासांपेक्षा उपयोगी पडतो, कारण स्नायूंना आणि कानाला रोजची आठवण लागते. मोठ्याने ओरडणं म्हणजे रियाज नव्हे. रियाजानंतर घसा दुखत असेल, तर काहीतरी चुकतंय. 'घसा फुटला की आवाज खुलतो' हा सल्ला तर अजिबात ऐकू नका.

घरात बारा ते पंधरा वर्षांचा मुलगा असेल तर आणखी एक. या वयात मुलांचे स्वरतंतू झपाट्याने वाढतात, आवाज फुटतो, कालपर्यंत सहज लागणारा सूर आज निसटतो. त्याला हसू नका. खालच्या पट्टीत, हलक्या आवाजात गाऊ द्या. आवाज स्थिरावतो. त्या वर्षभरात ऐकलेले टोमणे मात्र राहून जातात.

"दही बंद, लोणचं बंद, थंड पाणी बंद"

थोडक्यात सांगते. आपण खातो-पितो ते अन्ननलिकेतून जातं. स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी. म्हणजे दही काय किंवा मध काय, गिळलेलं काहीही त्यांना शिवत नाही. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, पण सूर त्याने लागत नाही. तुम्हाला दह्याने कफ झाल्यासारखं वाटत असेल तर गाण्याआधी खाऊ नका, एवढंच. त्यापेक्षा दिवसभर पुरेसं पाणी प्या आणि रात्री उशिरा मसालेदार जेवण टाळा, कारण पित्त वर आलं की घसा खवखवतो. सारखं खाकरू नका. आवाज बसला तर शांत राहा, कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. आणि तीन आठवड्यांनंतरही आवाज बसलेलाच असेल तर काढे सोडून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

"किशोरकुमार कुठे शिकले होते?"

हा प्रश्न मध्य प्रदेशात हमखास येतो, कारण किशोरदा आमच्या खंडव्याचे! क्लासला गेले नाहीत हे खरं. पण सैगल यांची गाणी त्यांनी इतकी ऐकली, इतकी घोटली की सुरुवातीला ते सैगलसारखेच गायचे. नक्कल सोडून स्वतःच्या आवाजात गा, हे त्यांना सचिनदेव बर्मन यांनी सांगितलं. म्हणजे ऐकणं होतं, मेहनत होती आणि चूक दाखवणारा माणूसही होता. आपल्याला क्लासमध्ये तेच तर मिळतं.

यूट्यूबवरून खूप काही शिकता येतं, मीही शिकते. पण व्हिडिओ तुम्हाला ऐकू शकत नाही. तुमचा निषाद जरा उतरतोय, हे सांगायला समोर कान असलेला माणूस लागतो. गुरू नसेल तर गाणारी मैत्रीणही चालेल.

आणि पेटीबद्दल एक. पेटीवर बोट ठेवून तिच्यामागे गाणं सोपं वाटतं, पण मग आपण स्वतः सूर शोधायचाच विसरतो. शिवाय पेटीवर एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेने घसरत जाता येत नाही. आकाशवाणीवर तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. इतकं कडक व्हायची गरज नाही, पण तानपुऱ्यावर गायची सवय लावा. मिरजेचा खरा तानपुरा परवडला नाही तरी मोबाईलवरचा मोफत तानपुरा पुरतो.

"आता वय झालं"

इथे खोटं बोलणार नाही. बावन्नाव्या वर्षी सुरुवात करून आई सवाई गंधर्व महोत्सवात गाणार नाही. तीन परीक्षा दिल्या तरी नाही. प्रारंभिकचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, पण त्याने कुणी गायक होत नाही. उशिरा शिकणाऱ्याचा गळा हळू वळतो, ताना अडखळतात. पण भूप रागातली एक बंदिश, दोन भजनं आणि घरच्या सगळ्या आरत्या सुरात म्हणणं यासाठी वय आड येत नाही. बहुतेकांना हवं असतं तेवढंच.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर आजच करा. तानपुरा लावा, आपल्या पट्टीत पाच मिनिटं फक्त सा लावा. मग पाच मिनिटं सा रे ग म, सावकाश. मग तुमच्या आवडीचं एक गाणं, पट्टी उतरवून. शेवटची ओळ रेकॉर्ड करून ठेवा आणि महिन्याने ऐका. फोल्डरला हवं ते नाव द्या.

यंदाच्या गणपतीत आई आरतीला माझ्या शेजारी उभी होती. पहिलं कडवं तिने ओठातल्या ओठात म्हटलं. दुसऱ्याला आवाज आला. मध्येच एक सूर घसरला, तिने माझ्याकडे बघितलं आणि थांबली नाही. आरती संपल्यावर दादाच्या चार वर्षांच्या मुलाने तिचा पदर ओढला, "आजी, तू परत म्हण." ती देवासमोर बसली आणि त्याला मांडीवर घेऊन तिने आरती नाही, आजीची ओवी म्हटली. तिला ती सगळी पाठ होती. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसले.

आजीला ते ऐकायला मिळालं नाही. क्लास लावून तेवढं परत येत नाही.

म्हणून मंडळी, एक विनंती. घरात, शाळेत, सोसायटीच्या कार्यक्रमात एखादं मूल बेसूर गात असेल, तर त्याला "ओठ हलव" म्हणू नका. "जरा खालून म्हणून बघ" एवढंच म्हणा. आणि तुम्हाला लहानपणी कुणी गप्प केलं असेल, तर त्या माणसाने तुमचा आवाज कधी नीट ऐकलाच नव्हता असं समजा.

तुम्ही कुणासाठी गायचं राहून गेलंय? ते माणूस अजून घरात असेल, तर मिक्सर बंद करा आणि म्हणा.

भेटूया पुढच्या वेळी!